साडेबाराची घंटा

तुळसा गेली त्या दिवशी कारखान्यात फोन आला तो बारा पस्तीसला. जेवणाची घंटा होऊन पाच मिनिटं झाली होती. मी डबा उघडून पहिला घास मोडला होता. त्र्याऐंशी सालचा डिसेंबर. फोन करणारा माणूस पांढुर्ण्याच्या पोस्टातून बोलत होता. त्याने एवढंच सांगितलं की तुमच्या बाईंना सरकारी दवाखान्यात आणलं आहे, लवकर या. नाव सांगितलं नाही.

तुळसाची बहीण गोपिका मुलताईला राहते. तिच्याकडे चार दिवस राहून तुळसा बसने नागपूरला परत येत होती. वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून एका चहाच्या टपरीपाशी उतरली आणि तिथेच बाकावर आडवी झाली. मागून एक जीप येत होती. जीपमध्ये संत्र्यांच्या टोपल्या भरलेल्या होत्या. जीपवाल्याने सगळ्या टोपल्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या, तुळसाला मागे झोपवलं, अंगावर आपली शाल घातली आणि पांढुर्ण्याला नेलं.

हे मला नंतर दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. मी पोचलो साडेतीनला. तुळसा पावणेदोनला गेली होती. तोवर जीपवाला तिच्या उशाशी बसून होता, मग उठून निघून गेला. नर्सने नाव विचारलं तर म्हणाला, "माझं काय नाव लिहिता." त्याची तपकिरी लोकरीची शाल तुळसाच्या अंगावर तशीच राहिली. ती मी घरी आणली. तिला संत्र्याच्या सालीचा वास होता.

नर्सने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांना आणलं तेव्हा अकरा वाजले होते, आणि दवाखान्यात आल्यावर बाई काही बोलल्या नाहीत. पोस्ट दवाखान्याच्या समोरच आहे. तुळसाच्या बटव्यात कारखान्याच्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असायची, तीच जीपवाल्याला सापडली असणार आणि फोन त्यानेच केला असणार. मग अकरापासून बारा पस्तीसपर्यंत तो माणूस काय करत होता? अकराला फोन आला असता तर मी साहेबांची गाडी मागून दीडच्या आत पोचलो असतो. ती जिवंत असताना पोचलो असतो.

दोन वर्षं मी हाच दीड तास मनात धरून होतो. ज्या माणसाच्या पाया पडायचं त्याच माणसाचा राग येत होता. तीन वेळा पांढुर्ण्याला जाऊन आलो. बसस्टँडवर विचारलं, पोस्टात विचारलं. टपरी नेमकी कोणती, ते नर्सलाही ठाऊक नव्हतं. संत्र्याच्या दिवसांत त्या रस्त्याने शंभर जीपा जातात, कोणती म्हणून सांगणार.

आता धोंडबाबद्दल सांगतो. धोंडबा माझ्या शेजारच्या प्रेसवर काम करतो. आमचा कारखाना नागपूरजवळ हिंगण्याला, तिथे पत्र्याची कपाटं होतात. प्रेसचं काम असं की डाव्या हाताने पत्रा धरायचा आणि उजव्या हाताने बटण दाबून ठेवायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत वरचा भाग खाली येत राहतो. मध्येच सुटलं तर तो वर जातो आणि पत्रा अर्धा वाकून भंगारात जातो. म्हणून काम पुरं होईपर्यंत अंगठा उचलायचा नाही, ही पहिल्या दिवसाची शिकवण. आणि डाव्या हाताचं भान सोडायचं नाही, ही दुसऱ्या दिवसाची.

धोंडबाचं भान एकदाच सुटलं. शिपायाने मागून हाक मारली, "धोंडबा, घरून फोन आहे." तो वळला आणि करंगळी अर्धी गेली. फोन त्याच्या सासूचा होता, मुलगा झाल्याचा. धोंडबा अजून सांगतो, "देवानं एक पोरगा देल्ला अन् दलालीत अर्धं बोट कापून घेतलं." आम्ही हसायचो. बायका हसल्या नाहीत. आमच्या लाईनीतल्या कामगारांच्या बायकांनी तेव्हाच आपसांत ठरवून टाकलं की साडेबाराच्या घंटेआधी कारखान्यात फोन करायचा नाही, मग घरी काहीही होवो. सोळा वर्षं त्यांनी ते पाळलं.

शहाऐंशीच्या जानेवारीत कस्तुरचंद पार्कवर इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन लागलं. रविवारी दुपारी धोंडबा घरी आला.

"काहून गा आनंदा, किती दिवस भिंतीले पाहत बसशील? चाल, कंप्यूटर पाहू. भविष्य सांगते म्हणते."

"मले नाही पाहाचं भविष्य."

"मग माझं पाहू. अर्धं बोट उगवते का, ते इचारू."

तो मला घेऊनच गेला. भविष्याच्या कंप्यूटरपुढे रांग फार होती. शेजारच्या स्टॉलवर दुसरा कंप्यूटर होता. तिथे आपलं नाव आणि आवड लिहून द्यायची, मग तो त्याच आवडीच्या पाच माणसांची नावं-पत्ते छापून देणार, त्यांना पत्रं लिहायची. धोंडबाने आवड लिहिली, झोप. मशीनने बराच वेळ खडखड केली आणि कोरा कागद बाहेर आला.

"झोपले असतील," धोंडबा म्हणाला.

त्याच्या पुढचा स्टॉल लहान होता. टेबलावर खोक्यासारखी यंत्रं, मागे बांबूला बांधलेली तार. एक तरुण मुलगी हातात माईक धरून बोलत होती. "मोबाईल, मोबाईल, तुम्ही कुठे आहात? ओव्हर."

खोक्यातून एका मुलाचा आवाज आला. "इतवारीत आहे. पुढे दोन हातगाड्या, मागे टेम्पो, आणि मध्ये एक गाय बसली आहे. अर्ध्या तासापासून मी मोबाईल राहिलेलो नाही. ओव्हर."

लोक हसले. मीही हसलो असेन, कारण धोंडबाने माझ्याकडे वळून पाहिलं.

मुलीचं नाव चारुशीला. बोलणारा मुलगा तिचा भागीदार विश्वनाथ. वायरलेसचा संच त्यांनी स्कूटरवर बसवला होता आणि तो गावभर फिरत फिरत बोलत होता. त्यांच्या भाषेत अशा फिरत्या संचाला मोबाईल म्हणतात. दोघंही दीड वर्षापूर्वी इंजिनिअर झाले. नोकरी न धरता हिंगण्याला, आमच्या बसच्या थांब्याच्या मागेच, भाड्याची शेड घेऊन हे संच बनवायला लागले.

"आतापर्यंत चौदा केले," ती म्हणाली. "त्यातले अकरा चालतात. चुलते म्हणतात, हे खूळ आहे."

"कामाचं काय हाय याचं?" धोंडबाने विचारलं.

"काका, रोज संध्याकाळी सहा वाजता जबलपूर, रायपूर, अकोला, आमला, अशा गावोगावची माणसं आपापल्या संचापुढे बसतात आणि एकमेकांशी बोलतात. आम्ही त्याला नेट म्हणतो, म्हणजे जाळं. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण एखाद्या दिवशी कोणी आलं नाही तर सगळे चौकशी करतात."

"अन् बोलता काय?"

"काय जेवलात, थंडी किती, कोणाचा खोकला थांबला का."

"हे तं आमी पानठेल्यावर बोलतो."

"तेच आहे काका. फक्त ठेला शंभर मैल लांब आहे."

मी विचारलं, "पांढुर्ण्याला ऐकू जाईल?"

"पांढुर्ण्याला आमचं कोणी नाही. त्याच्या पुढे आमल्याला गणपतराव आहेत, रेल्वेच्या तारखात्यातून रिटायर झालेले. का, काय हवं होतं?"

मला सांगता येईना. धोंडबाने सांगितलं. एरवी तो दोन वाक्यांत एक टवाळी करतो, तेव्हा केली नाही. चारुशीलाने सगळं ऐकून घेतलं.

"संचाचं लायसन माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "धंद्याचं आणि राजकारणाचं बोलायला बंदी आहे. आभार मानायला बंदी नाही. सहापर्यंत थांबाल?"

सहा वाजता एकेक माणूस येऊन हजेरी देऊ लागला. नावाआधी इंग्रजी अक्षरं आणि आकडा सांगायचा, ही त्यांची रीत. सात-आठ जण जमले. मग चारुशीला म्हणाली, माझ्याजवळ एक पाहुणे आहेत, त्यांचं ऐकून घ्या. आणि माईक माझ्या हातात दिला.

"हे बटण दाबून बोलायचं. बोलून झालं की ओव्हर म्हणायचं आणि बटण सोडायचं. सोडल्याशिवाय तुम्हाला काही ऐकू येणार नाही, दुसऱ्या कोणाला बोलताही येणार नाही."

मी बटण दाबलं. तोंडून सवयीने पहिलं निघालं, "जय भीम." मग म्हणालो, "मी नागपूरचा आनंदराव. डिसेंबर त्र्याऐंशीत माझ्या बायकोला कोणीतरी जीपमधून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. ते कोणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना माझे आभार सांगा. ओव्हर."

एवढंच ठरवलं होतं. मग वाट पाहत राहिलो. कोणी बोललं नाही. पेटी अगदी गप्प होती.

बावीस वर्षं ज्या अंगठ्याने काम पुरं होईपर्यंत बटण सोडलं नाही, त्याने तेव्हाही सोडलं नव्हतं. मला ते कळलं नाही. मला वाटलं, कोणीच ऐकत नाही. दोन वर्षं कोणी नव्हतं, तसंच आजही नाही. आणि कोणी ऐकत नाही म्हटल्यावर मला बोलता यायला लागलं.

"तुमची शाल माझ्यापाशी आहे," मी म्हणालो. "धुतली नाही. दर पौर्णिमेला विहारात जाताना पिशवीत घेतो, आणि परत आणतो. तुमच्या टोपल्या रस्त्यावर राहिल्या. मालक बोलला असेल तुम्हाला. तुम्ही माझ्या बाईसाठी मालकाचा माल रस्त्यावर टाकला, मग फोन करायला दीड तास का लावला? अकराला केला असता तर मी आलो असतो. मला तुमच्या पाया पडायचं आहे आणि मला तुमचा रागही येतो. दोन्ही कसं करू ते कळत नाही. ती एकटी नव्हती ना, एवढं तरी सांगा. काही म्हणाली का, ते सांगा."

किती वेळ बोललो ते माहीत नाही. मग धोंडबाचा हात माझ्या हातावर आला. "आनंदा," तो हळूच म्हणाला, "बटन सोड गा. मशीन नोहे हे."

मी अंगठा उचलला.

पेटीतून खरखर आली. मग एक आवाज म्हणाला, "जबलपूर. सुन लिया, भाईसाहब." दुसरा म्हणाला, "रायपूर. सुन लिया." अकोल्याचा माणूस म्हणाला, "जय भीम, आनंदराव. सगळं ऐकलं." एकेक करून सगळ्यांनी सांगितलं. मी माईक टेबलावर ठेवला.

सगळ्यात शेवटी एक म्हातारा, सावकाश आवाज आला. "नागपूर, मी आमल्याहून गणपतराव. टोपल्यांचं बोललात म्हणून विचारतो. त्या वर्षी आमच्याकडे एक गोष्ट सांगत असत. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या अकरा टोपल्या संध्याकाळपर्यंत उघड्यावर पडून होत्या आणि एक फळ गेलं नाही. टपरीवाली बाई हातात काठी घेऊन राखणीला बसली होती म्हणे. त्या टोपल्या कोणाच्या, हे इथल्या बाजारात कोणालाही ठाऊक असेल. उद्या सहा वाजता याल का? ओव्हर."

चारुशीला मला म्हणाली, "तुम्ही बटण दाबून ठेवलंत तेव्हा मी तुमचा हात काढायला पुढे झाले होते. नियमाने काढायलाच हवा होता. पण नाही काढला." मग म्हणाली, "टोपल्यांचं तुमच्या पहिल्या बोलण्यात नव्हतं, काका. ते ओव्हरनंतर आलं."

सोमवारी कारखाना सुटल्यावर कंपनीच्या बसमधून थेट कस्तुरचंद पार्कला गेलो. धोंडबा बरोबर होता. स्टॉलवर विश्वनाथही आला होता. बारीक, चष्मेवाला मुलगा. त्याने मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं आणि आपण उभा राहिला. सहा वाजता सगळे हजर झाले, पण कोणी थंडी आणि खोकल्याचं बोललं नाही. गणपतराव म्हणाले, "नागपूर, इथे माझ्या शेजारी ओमप्रकाश बसले आहेत. मुलताईच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची जीप चालवतात. त्यांना माईक देतो. ओव्हर."

थोडी खरखर. मग आवाज आला. चाळिशीच्या माणसाचा असावा. आमच्या बाजूची मराठी, मध्ये मध्ये हिंदी.

"राम राम, भाऊ. मी ओमप्रकाश. तुमची बाई एकली नोहोती. मी होतो. जीपमधी तिले होश होता. रस्ताभर बोलून राहिली होती. दवाखान्यात गेल्यावर आवाज बंद झाला, पन त्याच्याआधी सब बोलली. तिनंच बटव्यातून चिठ्ठी काढून देल्ली. मी म्हटलं, बाई, पोस्टात जाऊन आत्ताच फोन करतो. तिनं माझी बाही धरली. म्हने, आत्ता नाही. साडेबाराची घंटा झाल्यावर कर. आत्ता ते मशीनवर असतील, फोन आला म्हनून वळून पाहतील अन् हात जाईल. म्हने, आमच्यात नेम हाय. मी म्हटलं, बाई, हे काय टाइम हाय नेम पाळाचा? तिनं माझ्याकडून वचन घेतलं, भाऊ. दोन वेळा बोलून घेतलं, कसम खाऊन."

तो थांबला. वाटलं, संपलं. पण बटण त्याने सोडलं नव्हतं. गणपतरावांच्या घरातलं कुठलं तरी भांडं वाजलेलं ऐकू आलं.

"दवाखान्यात घड्याळ होतं भिंतीवर," तो पुढे म्हणाला. "अकरापासून साडेबारापर्यंत मी तेच पाहत बसलो. तीन वेळा उठलो, तीन वेळा बसलो. साडेबारा झाले तसा पोस्टात धावलो. मंग ती गेली, अन् तुम्ही आले नोहोते. मले वाटलं, आता हा मानूस येऊन इचारीन, आधी काहून नाही सांगितलं, तं मी काय सांगू? म्हनून निघून गेलो. शाल विसरून गेलो. दोन साल झाले, मले रोज वाटते का मी चूक केली. आता तुमीच सांगा. ओव्हर."

आता बोलायची पाळी माझी होती. माईक माझ्यापुढे होता. धोंडबा तोंड फिरवून उभा होता. त्याने डावा हात खिशात घातला होता.

अकरा वाजता मी काय करत होतो, ते मला आठवत होतं. त्या दिवशी मोठ्या कपाटाचे दरवाजे होते, जाड पत्रा, सोमवारपासून तेच काम. तुळसाला ते ठाऊक होतं, जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सांगितलं होतं. जीपमध्ये आडवी पडून, छातीवर हात ठेवून, ती माझ्या डाव्या हाताचा विचार करत होती. तिला मी यायला हवा होतो की नाही? हवा असणारच. तरी तिने त्या माणसाची बाही धरली.

मी बटण दाबलं.

"ओमप्रकाश," मी म्हणालो, "तुम्ही चुकला नाहीत. तिनं सांगितलं ते तुम्ही केलं. तिचं शेवटचं सांगणं तुम्ही पाळलं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी असतो तर फोन केला असता. मी दोन वर्षं तुमच्यावर रागावलो, तो राग आता नाही. माझे दोन्ही हात शाबूत आहेत. तुमचे फार उपकार आहेत. रविवारी शाल घेऊन येतो. ओव्हर."

आणि लगेच अंगठा उचलला.

त्याचं उत्तर एवढंच होतं, "या भाऊ. जेवूनच जा. ओव्हर." मग कोणीतरी हिंदीत म्हणालं, "जबलपूर भी आप दोनों को प्रणाम करता है," आणि त्यानंतर नेट नेहमीसारखं सुरू झालं. रायपूरच्या माणसाला खोकला होता.

विश्वनाथने चहा मागवला. चारुशीला वहीत वेळ लिहीत होती. प्रत्येक बोलणं लिहून ठेवायचं, असा त्यांचा नियम. मी तिला म्हणालो, "चुलत्यांना सांग पोरी, हे खूळ नाही." ती म्हणाली, "ते तुम्हीच येऊन सांगा, काका. माझं ऐकत नाहीत." पुढे मी खरंच गेलो. त्यांनी ऐकलं की नाही ते माहीत नाही, पण चहा दिला.

रविवारी मी मुलताईला गेलो. गोपिकालाही बरोबर घेतलं. शाल धुवायची की नाही, यावर मी शनिवारी बराच विचार केला आणि शेवटी धुतली. ओमप्रकाशने ती दोन्ही हातांनी घेतली, उलगडली आणि खांद्यावर टाकली. जेवताना त्याने तुळसा रस्त्यात काय काय बोलली ते पुन्हा सांगितलं. गोपिकाच्या नातवाची टोपी अर्धी विणून राहिली, हे ती दोन वेळा म्हणाली होती. गोपिका घरी जाऊन टोपी शोधणार होती.

परत येताना ओमप्रकाशने सांगितलेल्या त्या टपरीपाशी बस थांबवली. टपरीवालीचं नाव भीमाबाई. मी तिला हात जोडले, तेव्हा ती म्हणाली, "मी काय केलं, बाप्पा? दिवसभर टोपल्यांपाशी बसली. दोन माकडं आले होते, त्याह्यले काठी दाखवली." तिने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. ज्या बाकावर तुळसा आडवी झाली होती त्याच बाकावर मी बसून चहा घेतला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

सोमवारी पुन्हा प्रेसवर उभा राहिलो. डावा हात पत्र्यावर, उजवा अंगठा बटणावर. मार्चमध्ये रिटायर होईन. आमच्या लाईनीत बावीस वर्षांनंतर दहाच्या दहा बोटं घेऊन घरी जाणारे आम्ही तिघंच आहोत. साडेबाराची घंटा झाली. हातातला पत्रा पुरा वाकवून झाला तेव्हाच मी अंगठा उचलला, आणि मग दोन्ही हात धुऊन डबा उघडला.